तीन तुताऱ्या ओळखताना: ठिपकेवाली, हिरवी आणि सामान्य तुतारीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाझर तलावाच्या काठावर किंवा ओढ्याच्या डोहाशी उभा असलेला, बुलबुलाएवढा, वरून तपकिरी, खालून पांढरा आणि सरळ चोचीचा पक्षी कोणता, हा प्रश्न नव्या पक्षिनिरीक्षकाला पहिल्याच हिवाळ्यात पडतो. महाराष्ट्राच्या अंतर्भागात त्याचे उत्तर बहुतेक वेळा तीन नावांपैकी एक असते: ठिपकेवाली तुतारी, हिरवी तुतारी किंवा सामान्य तुतारी. इंग्रजीत यांना अनुक्रमे वुड सँडपायपर, ग्रीन सँडपायपर आणि कॉमन सँडपायपर म्हणतात. या तिघी एकमेकींपासून वेगळ्या कशा करायच्या, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. शेकाट्या, टिटवी किंवा उचाट यांच्याबाबत असा गोंधळ सहसा होत नाही, म्हणून ते येथे फारसे येत नाहीत.

या तिन्ही तुताऱ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत का?

पूर्णपणे नाही. ठिपकेवाली आणि हिरवी या दोघी ट्रिंगा या एकाच प्रजातीतील (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातील, इंग्रजीत ‘जीनस’) आहेत, आणि लाल पायांचा व हिरव्या पायांचा टिलवाही त्याच प्रजातीत मोडतात. सामान्य तुतारी मात्र ॲक्टायटिस या वेगळ्या प्रजातीत आहे. हा फरक केवळ पुस्तकी नाही. सामान्य तुतारीची चाल, उडण्याची ढब आणि उभे राहण्याची पद्धत बाकीच्या दोघींपासून इतकी वेगळी आहे की, सवय झाल्यावर तिला दुर्बीण न लावताही ओळखता येते. खरी अडचण उरते ती ठिपकेवाली आणि हिरवी यांच्यात, आणि म्हणून पुढील उत्तरांचा मोठा भाग या दोघींवर खर्च झाला आहे. तिन्ही पक्ष्यांना लिनियसने १७५८ मध्ये शास्त्रीय नावे दिली. सामान्य तुतारीच्या ‘हायपोल्युकॉस’ या नावाचा अर्थ ‘खालून पांढरी’ असा होतो, पण ते वर्णन तिघींनाही लागू पडत असल्यामुळे ओळखीच्या कामी त्याचा काही उपयोग नाही.

‘तुतारी’ म्हणतात, मग हा पक्षी तुतारीसारखा ओरडतो का?

नाही. तिघींचाही आवाज बारीक शिट्टीसारखा आहे. काही भागांत ‘तुतवार’ हे नावही ऐकू येते. आवाजावर स्वतंत्र प्रश्न पुढे आहे, कारण ओळखीसाठी तो रंगापेक्षा अधिक भरवशाचा आहे.

या तुताऱ्या येतात कोठून आणि आपल्याकडे किती काळ राहतात?

ठिपकेवाली आणि हिरवी तुतारी स्कँडिनेव्हियापासून सायबेरियापर्यंत पसरलेल्या उत्तरेकडील जंगलांत आणि दलदलींत वीण करतात. सामान्य तुतारीचा विणीचा प्रदेश युरोप आणि आशियाच्या फार मोठ्या भागावर पसरलेला असून तो काश्मीर आणि लडाखपर्यंत खाली येतो. त्यामुळे तिघींपैकी ही एकच भारताच्या हद्दीत घरटे करणारी म्हणता येईल. महाराष्ट्रात मात्र तिन्ही हिवाळी पाहुण्याच आहेत.

पाहुण्या म्हटल्या तरी त्यांचा मुक्काम यजमानाला अवघडवणारा आहे. जुलैच्या अखेरीस, अजून पाऊस धो धो कोसळत असताना, हिरवी तुतारी एखाद्या ओढ्याकाठी दिसू लागते, आणि ऑगस्टमध्ये बाकीच्या दोघी येऊन पोहोचतात. परतीचा प्रवास मार्च-एप्रिलमध्ये सुरू होतो आणि काही पक्षी मे महिन्यातही रेंगाळताना दिसतात. म्हणजे वर्षातील आठ-नऊ महिने या पक्ष्यांची महाराष्ट्रात गाठ पडू शकते. इतक्या लवकर येण्याचे एक कारण त्यांच्या विणीच्या पद्धतीत आहे. ठिपकेवाली आणि हिरवी यांच्यात पिल्ले पुरती मोठी होण्याआधीच मादी अनेकदा निघून जाते आणि पिल्लांची राखण नर करतो. त्यामुळे सर्वांत आधी आपल्याकडे उतरतात ते प्रौढ पक्षी, तेही उन्हाळाभर वापरून झिजलेली पिसे घेऊन. त्या वर्षी जन्मलेली पिल्ले त्यांच्यामागून येतात. ही माहिती लक्षात ठेवावी, कारण ऑगस्ट-सप्टेंबरमधील निम्मा गोंधळ या झिजलेल्या आणि कोऱ्या पिसांच्या फरकातून होतो.

प्रथम काय पाहावे? पाठ, पाय की चोच?

यांपैकी काहीच नाही. प्रथम भुवई पाहावी.

ठिपकेवाली तुतारीची पांढरी भुवई चोचीच्या मुळापासून निघते, डोळ्यावरून जाते आणि डोळ्याच्या बरीच मागे, जवळजवळ मानेपर्यंत पोहोचते. तिच्या वर गडद टोपी आणि खाली चोचीपासून डोळ्यापर्यंतची गडद रेघ असल्यामुळे ही भुवई कोणी ब्रशने ओढल्यासारखी उठून दिसते. हिरव्या तुतारीची पांढरी रेघ चोचीपासून सुरू होते आणि डोळ्यापाशी थांबते. डोळ्यामागे ती जात नाही. त्याऐवजी डोळ्याभोवती स्वच्छ पांढरे कडे असते, त्यामुळे पक्षी चष्मा लावल्यासारखा किंवा किंचित दचकल्यासारखा दिसतो. सामान्य तुतारीला भुवईही असते आणि कडेही, परंतु दोन्ही फिकट असतात आणि चेहऱ्यावर त्यांचा ठसा उमटत नाही.

भुवईला पहिला मान देण्याचे कारण असे की, पाठीवरील ठिपके झिजतात, पायांना चिखल लागतो, उन्हाने रंग बदलतात, पण भुवईची लांबी बारा महिने तीच राहते. पक्षी स्थिर उभा असेल आणि चेहरा दिसत असेल, तर एवढ्या एका खुणेवर ठिपकेवाली आणि हिरवी बहुतेक वेळा वेगळ्या करता येतात.

पाठीवर ठिपके दिसले म्हणजे ती ठिपकेवालीच, असे धरून चालावे का?

असे धरून चालणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे, आणि तिचा दोष काहीसा नावाकडे जातो. ठिपके हिरव्या तुतारीच्या पाठीवरही असतात. ते बारीक आणि विरळ असतात एवढेच. ताज्या पिसांतील ठिपकेवालीची पाठ तपकिरी असून तिच्यावर पांढरट ठिपक्यांची आणि कडांची अशी दाटी असते की, दुरून ती चौकडीच्या कापडासारखी भासते. हिरवीची पाठ गडद, किंचित हिरवट झाक असलेली, ओल्या बेसॉल्टच्या रंगाची असते आणि थोड्या अंतरावरून ठिपके जवळजवळ दिसतच नाहीत.

आता अडचण अशी की, पिसांचा फिकट रंगाचा भाग गडद भागापेक्षा लवकर झिजतो. ऑगस्टमध्ये येणाऱ्या प्रौढ ठिपकेवालीच्या पाठीवरील ठिपके पुष्कळ अंशी झडून गेलेले असतात आणि ती बऱ्यापैकी एकरंगी दिसते. त्याच सुमारास येणाऱ्या तरुण हिरव्या तुतारीची पिसे कोरी असतात आणि त्यांच्यावर मातकट-पिवळसर ठिपके ठळक असतात. म्हणजे वर्षाच्या ज्या काळात आपण नव्या उत्साहाने बाहेर पडतो, नेमक्या त्याच काळात ठिपकेवाली कमी ठिपक्यांची आणि हिरवी जास्त ठिपक्यांची होऊन बसते. मी स्वतः एका पाझर तलावावर सलग दोन रविवार अशा एका तरुण हिरवीची नोंद ठिपकेवाली म्हणून केली होती. तिसऱ्या रविवारी ती उडाली आणि पंखाखालचा काळा रंग दिसला, तेव्हा आधीची दोन्ही पाने खोडावी लागली.

पाठीपेक्षा छाती अधिक खात्रीची आहे. हिरव्या तुतारीच्या छातीवरील करडा रंग एका ठरावीक ओळीवर संपतो आणि तेथून पांढरेशुभ्र पोट सुरू होते. जणू पक्षी छातीपर्यंत शाईत बुडवून काढला आहे. ठिपकेवालीच्या छातीवरील रेघोट्या हळूहळू विरत पोटात मिसळतात आणि सीमारेषा अशी दाखवता येत नाही.

सामान्य तुतारीची एकच खूण सांगायची झाली तर कोणती?

खांद्यापुढील पांढरी खाच. बसलेल्या पक्ष्याच्या छातीचा तपकिरी भाग आणि मिटलेल्या पंखाची पुढची कड यांच्यामध्ये पोटाचा पांढरा रंग वर घुसलेला दिसतो. हिरवी आणि ठिपकेवाली यांच्यात अशी खाच नसते. ही खूण लांबूनही दिसते, कमी उजेडातही दिसते आणि छायाचित्र धूसर आले तरी सहसा शाबूत राहते.

दुसरी खूण शेपटीची आहे. सामान्य तुतारीची शेपटी मिटलेल्या पंखांच्या टोकांच्या मागे बरीच बाहेर आलेली असते आणि पक्षी मागून लांबट दिसतो. पाय आखूड असल्याने तो दबकून, आडवा उभा राहतो.

शेपटी वरखाली हलवते ती सामान्य तुतारी, हे बरोबर आहे का?

अर्धे बरोबर आहे. सामान्य तुतारी शरीराचा मागचा भाग जवळजवळ अखंड हलवत असते. चालताना, थांबल्यावर, खाताना, दगडावर उतरल्याबरोबर. हिरवी तुतारीही मागचा भाग हलवते, विशेषतः ती अस्वस्थ असेल किंवा नुकतीच उतरली असेल तेव्हा, आणि ठिपकेवालीही अधूनमधून तसे करते. शिवाय त्याच काठावर धोबी पक्षी शेपटी हलवत फिरत असतात, ते निराळेच. म्हणून ‘हलवते का’ असे न विचारता ‘थांबते का’ असे विचारावे. दोन मिनिटे पाहूनही हालचाल थांबली नाही, तर सामान्य तुतारीची शक्यता फार मोठी आहे.

उडताना या तिघी ओळखता येतात का?

उडतानाच त्या सर्वांत चांगल्या ओळखता येतात, आणि या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. बसलेल्या पक्ष्यावर दहा मिनिटे वाद घालणारे निरीक्षक उडालेल्या पक्ष्याच्या तीन सेकंदांत एकमत होऊ शकतात, फक्त त्या तीन सेकंदांत काय पाहायचे हे आधी ठरलेले असले पाहिजे. पाहण्याच्या जागा तीन: पंखाखालचा भाग, कंबर (पाठ आणि शेपटी यांच्यामधला भाग) आणि पंखावरील पट्टा.

हिरवी तुतारी उडते तेव्हा तिच्या पंखाची खालची बाजू जवळजवळ काळी दिसते, कंबर झळझळीत पांढरी दिसते आणि पोटही पांढरे असते. त्यामुळे संपूर्ण पक्षी काळा-पांढरा भासतो. तपकिरी रंग आठवतही नाही. पांढऱ्या शेपटीच्या टोकाकडे मोजके, जाड, काळे आडवे पट्टे असतात. ठिपकेवालीचीही कंबर पांढरी असते, परंतु पाठ तपकिरी असल्याने ती तितकी उठून दिसत नाही. पंखाची खालची बाजू फिकट राखाडी असते, शेपटीवरील पट्टे बारीक आणि अधिक असतात, आणि पायांची बोटे शेपटीच्या मागे स्पष्टपणे बाहेर आलेली दिसतात. हिरवीची बोटे जेमतेम बाहेर येतात.

सामान्य तुतारीची कंबर पांढरी नसते. ती पाठीसारखीच तपकिरी असते. पांढरा दिसतो तो पंखाच्या लांबीभर जाणारा पट्टा, आणि तसा पट्टा बाकीच्या दोघींना नाही. परंतु तिला ओळखण्यासाठी रंगापर्यंत जाण्याची गरजच पडत नाही. ती पंख ताठ धरून, खाली वाकवून, थरथरल्यासारखे भराभर फडकवते, मग क्षणभर तसेच ताठ ठेवून तरंगते आणि पुन्हा फडकवते. हे सगळे पाण्यापासून हातभर उंचीवर चालते, आणि बहुधा ती वळसा घेऊन त्याच काठावर थोड्या अंतरावर उतरते. हिरवी याच्या अगदी उलट वागते. ती वेडीवाकडी वळणे घेत सरळ उंच चढते आणि बऱ्याचदा नजरेआड होईपर्यंत थांबत नाही. ठिपकेवालीही ओरडत उठते, पण तिच्या जातीचे इतर पक्षी जवळपास असतील तर त्यांच्यात परत येऊन मिसळण्याकडे तिचा कल असतो.

मग ओळख पटवण्यासाठी पक्ष्याला मुद्दाम उडवावे का?

मुळीच उडवू नये. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी चिखलात चोच खुपसतो, तो हरवलेले वजन भरून काढण्यासाठी, आणि मार्च-एप्रिलमध्ये तो परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतो. आपल्या वहीतील एका ओळीसाठी त्याला दहा वेळा उठवणे हा सौदा योग्य नाही. आणि त्याची गरजही पडत नाही. काठावर अर्धा तास शांत बसले की म्हशी पाण्यात उतरतात, एखादा कुत्रा धावत येतो, कोणी जाळे टाकायला येतो, किंवा दलदलीवरून गस्त घालणारा भोवत्या येऊन सगळा काठ उठवून जातो. त्या वेळी दुर्बीण डोळ्यांना लावलेली असावी आणि नजर पंखाखाली असावी, एवढेच आपले काम.

नावेतून पक्षी पाहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. भिगवणसारख्या ठिकाणी नाव पक्ष्यांच्या थव्यात घुसवण्याचा मोह पर्यटकाला होतो आणि नावाडी त्याचा शब्द मोडत नाही; ‘दादा, नाव इथंच थांबवा’ असे आपणच वेळेवर सांगायला हवे.

आवाज कसे लक्षात ठेवावेत?

ठिपकेवाली उडताना ‘चिफ्-इफ्-इफ्’ असा कोरडा, उंच पट्टीतला, एकसारखा आवाज काढते. हिरवीचा ‘ट्लुईट्-वीट्-वीट्’ असा आवाज अधिक भरीव आणि गोड असतो. पहिले अक्षर वर चढते आणि आवाज ओढ्याच्या दोन्ही काठांत घुमतो. सामान्य तुतारी ‘ट्वी-वी-वी-वी’ अशी अतिशय बारीक, उतरत जाणारी शिट्टी घालते, आणि ती अनेकदा संध्याकाळी काळोख पडत असताना नदीच्या घाटावर ऐकू येते.

कागदावर लिहिलेली ही अक्षरे प्रत्येकाच्या कानाला वेगळी वाटतील. त्यापेक्षा प्रत्येक वेळी पक्षी नजरेने पक्का ओळखल्यावर त्याचा आवाज आपल्या स्वतःच्या अक्षरांत वहीत लिहावा. दोन हिवाळ्यांनंतर अनेकदा आवाज आधी ओळखू येतो आणि पक्षी नंतर दिसतो.

पायांच्या रंगावर विश्वास ठेवावा का?

पाय स्वच्छ आणि ऊन अंगावर असेल तरच. तशा स्थितीत ठिपकेवालीचे पाय पिवळसर आणि लांब दिसतात, हिरवीचे हिरवट-करडे आणि तुलनेने आखूड. पण दख्खनच्या काळ्या मातीच्या चिखलातून बाहेर आलेल्या कोणत्याही पक्ष्याचे पाय काळपटच असतात, आणि सूर्य पक्ष्याच्या मागे असेल तर रंगाची चर्चाच व्यर्थ आहे. पायांची लांबी मात्र उपयोगी पडते: ठिपकेवाली उंच, सडपातळ आणि मान वर काढून उभी असते, हिरवी थोडी जाडसर आणि आडवी.

आकारावरून फरक करता येईल का?

एकट्या पक्ष्यावरून नाही. ठिपकेवाली आणि सामान्य तुतारी या दोघी सुमारे २० सेंटिमीटर लांब असतात आणि हिरवी त्यांच्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरांनी मोठी असते. हा फरक पन्नास मीटरवरून कोणालाही दिसत नाही. शेजारी दुसरा पक्षी असेल तर त्याच्याशी तुलना करावी. कंठेरी चिखल्या शेजारी असेल तर तिन्ही तुताऱ्या त्याच्यापेक्षा मोठ्या दिसतील. शेकाट्या शेजारी असेल तर त्याच्या लांबलचक पायांमुळे प्रत्येक तुतारी बुटकी वाटेल, म्हणून त्याची तुलना घेऊ नये.

जागेवरून अंदाज बांधता येतो का?

अंदाज बांधता येतो, निर्णय देता येत नाही. हिरवीला आडोसा आवडतो: झाडीतून जाणारा ओढा, खोल काठांचा नाला, विहिरीच्या पाण्याचा पाट, गावाबाहेरचे डबके. ती बहुधा एकटी असते. तिची वीण पाहिली तर हा स्वभाव नवलाचा वाटत नाही. बाकीचे बहुतेक चिखलपक्षी जमिनीवर अंडी घालतात, तर हिरवी तुतारी ओलसर जंगलातील झाडांवर, कस्तूर पक्ष्यांनी सोडलेल्या जुन्या घरट्यांत अंडी घालते, आणि नुकती जन्मलेली पिल्ले तेथून खाली उडी मारतात. ठिपकेवालीही कधीकधी असे जुने घरटे वापरते, पण बहुतेक वेळा तिचे घरटे जमिनीवरच असते. आपल्याकडे ती मोकळ्या, उथळ, गवताळ पाण्यात रमते: भातखाचरे, पाणी ओसरत चाललेले तलाव, दलदलीच्या कडा. ती थव्यांनी राहते. एका खाचरात दहा-वीस तुताऱ्या एकत्र चरत असतील, तर त्या ठिपकेवालीच असण्याचा संभव जास्त.

सामान्य तुतारीला कडक जमीन चालते. नदीचा घाट, धरणाची दगडी भिंत, खाडीतील नांगरलेल्या होडीचा दोर, कांदळवनाची उघडी मुळे, समुद्रकाठचे खडक, इतकेच काय शहरातील सिमेंटच्या नाल्याचा काठही तिला पुरतो. मुंबई-ठाण्याच्या खाडीवर किंवा गोव्याच्या खाजणांच्या बांधावर एकटी तुतारी दिसली तर पहिला विचार तिचा करावा. तेथेच आत, भातशेतांत किंवा करमळीच्या तळ्यासारख्या गोड्या पाण्यावर गेल्यास ठिपकेवाली भेटते.

महाराष्ट्रात तिन्ही एकाच दिवशी पाहायच्या असतील तर कोठे आणि केव्हा जावे?

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर क्षेत्र. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळच्या या जलाशयात उथळ पाणी, गवताळ काठ आणि वाहते कालवे तिन्ही असल्याने तिघींची सोय होते. भीमेवरील उजनीचा भिगवणकडील फुगवटा आणि पैठणचा नाथसागर हेही तितकेच चांगले.

मात्र ठिकाणापेक्षा पाण्याची पातळी महत्त्वाची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठी धरणे काठोकाठ भरलेली असतात, चिखल पाण्याखाली असतो आणि तुताऱ्या लहान तळ्यांवर, शेततळ्यांच्या काठांवर आणि ओढ्यांवर विखुरलेल्या असतात. त्या वेळी मोठ्या धरणावर जाऊन निराश होण्यापेक्षा गावातल्या पाझर तलावावर जावे. जानेवारीनंतर पाणी उतरू लागते, गाळपेराची जमीन (पाणी ओसरल्यावर पेरली जाणारी गाळाची जमीन) उघडी पडते आणि पाणी व पीक यांच्यामधल्या त्या ओल्या पट्टीवर सगळे चिखलपक्षी गोळा होतात. फेब्रुवारी-मार्चमधील सकाळ, पाठीशी सूर्य आणि समोर गाळपेराची कड, एवढे जमले तर तिघी भेटण्याची शक्यता चांगली असते.

आणखी कोणत्या पक्ष्यांशी गल्लत होते?

मार्श सँडपायपर ठिपकेवालीपेक्षा थोडा मोठा, फिकट राखाडी-पांढरा असून त्याची चोच सुईसारखी बारीक असते. उडताना पांढरा रंग कमरेवर न थांबता पाठीवर पाचरीसारखा वर जातो. हिरव्या पायांच्या टिलव्यालाही तशीच पाचर असते, परंतु तो बराच मोठा असतो आणि त्याची चोच जाड व किंचित वर वळलेली असते. लाल पायांच्या टिलव्याचे पाय नारिंगी-लाल असतात आणि उडताना पंखांची मागची कड पांढरी दिसते. टेमिंक स्टिंट हा पक्षी सामान्य तुतारीची लहान प्रतिकृती वाटतो, पण तो चिमणीएवढाच असतो. खाडीवर मागचा भाग हलवणारा, आखूड नारिंगी-पिवळ्या पायांचा आणि वर वळलेल्या चोचीचा पक्षी दिसला तर तो टेरेक सँडपायपर होय.

छायाचित्र काढले आहे, पण पक्षी ओळखू येत नाही. काय तपासावे?

एकच सुबक छायाचित्र ठेवून बाकीची पुसून टाकली असतील तर अडचण आहे. उडतानाची अस्पष्ट, कापलेली, वाकडी छायाचित्रे कधीही पुसू नयेत. ओळख बहुतेकदा त्यांच्यातच असते. पंखाची खालची बाजू काळी की फिकट, हे धूसर चित्रातही कळते. चित्र स्पष्ट असेल तर पंखाच्या सर्वांत बाहेरच्या उड्डाणपिसाचा मधला दांडा पाहावा: ठिपकेवालीत तो पांढरट असतो, हिरवीत गडद. चित्राचा उजेड आणि रंग संगणकावर वाढवण्याआधी मूळ प्रत पाहावी, कारण उजेड वाढवला की हिरवीची पाठ तपकिरी होते आणि पायही पिवळे दिसू लागतात.

कोणती दुर्बीण घ्यावी?

८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते. मोठ्या जलाशयावर तिवईवरचा टेलिस्कोप असेल तर भुवई आणि डोळ्याचे कडे दुरूनही दिसते, परंतु ओढ्यावर फिरताना तो ओझेच ठरतो आणि उडणारा पक्षी त्यात सापडत नाही.

परदेशात राहतो, तेथील तुताऱ्या याच आहेत का?

ब्रिटन आणि युरोपात तिन्ही जाती याच आहेत, फक्त त्या दिसण्याचे ऋतू वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये ठिपकेवाली प्रामुख्याने स्थलांतराच्या काळात वाटेवर थांबलेली दिसते, तर हिरवी थोड्या संख्येने हिवाळाही काढते. अमेरिकेत मात्र पक्षी बदलतात. तेथे सामान्य तुतारीची जागा स्पॉटेड सँडपायपर घेतो. तो तसाच शेपूट हलवतो, तसाच ताठ पंखांनी उडतो आणि हिवाळ्यात त्याच्या पोटावरील ठिपके नाहीसे होतात. हिरवीसारखा दिसणारा सॉलिटरी सँडपायपर तेथे आहे, पण त्याची कंबर पांढरी नसून गडद असते.

खात्री होत नसेल तर नोंद कशी करावी?

जेवढे दिसले तेवढेच लिहावे. ‘तुतारी, जात अनिश्चित, कंबर पांढरी, पंखाखालचा भाग दिसला नाही’ ही नोंद ‘ठिपकेवाली तुतारी १’ या अंदाजी नोंदीपेक्षा मोलाची आहे. ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करणाऱ्यांना प्रजातीपर्यंतच थांबण्याची, म्हणजे ‘ट्रिंगा’ एवढेच लिहिण्याची सोय उपलब्ध आहे आणि ती वापरण्यात कमीपणा नाही. आशियाई पाणपक्षी गणना भारतात १९८७ पासून जानेवारीत होते. तिच्यात भाग घेताना थव्यातील प्रत्येक तुतारी पाहणे शक्य नसते, तेव्हा ओळखलेल्या पक्ष्यांची संख्या आणि न ओळखलेल्यांची संख्या वेगवेगळी द्यावी. न ओळखलेले पक्षी ओळखलेल्यांच्या प्रमाणात वाटून टाकण्याची सवय काही गटांत आढळते. ती चुकीची आहे, कारण थव्यात राहणारी ठिपकेवाली सहज ओळखली जाते आणि आडोशातून उडून गेलेली एकटी हिरवीच बहुधा अनिश्चितांत जमा होते.

टिपणे पुस्तक उघडण्याआधी लिहावीत. भुवई कोठे संपली, छातीची सीमा होती का, कंबर, पंखाखालचा भाग, आवाज, एकटी की थव्यात, या क्रमाने सहा छोट्या ओळी पुरतात. आधी चित्र पाहिले की डोळ्यांनी न पाहिलेले तपशीलही आठवू लागतात.

पायात कडी घातलेली तुतारी दिसली तर?

कडी कोणत्या पायात आहे, गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या वर आहे की खाली, धातूची आहे की रंगीत, आणि रंगीत असल्यास रंगांचा वरून खाली क्रम काय, हे लिहून घ्यावे आणि शक्य तितकी छायाचित्रे काढावीत. ही माहिती तारीख आणि ठिकाणासह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे कळवावी. १८८३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था भारतात पक्ष्यांना कड्या घालण्याचे काम दीर्घकाळ करीत आली आहे. कडीवरील अक्षरे वाचण्यासाठी पक्ष्याच्या मागे धावू नये. तुतारी एकाच काठावर अनेक दिवस राहते, विशेषतः सामान्य तुतारी आपला ठरलेला पट्टा सहसा सोडत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी ती पुन्हा सापडण्याची बरीच शक्यता असते.